श्रावणबाळाचा पंचनामा

वच्छलाबाईंचा मुलगा जितेंद्र पुण्याहून दर महिन्याला पैसे पाठवतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त जितेंद्रला.

धंतोलीतल्या एका दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम करून वच्छलाबाई घरी बसल्या, त्या पेन्शनशिवाय. बीपीची रोजची गोळी त्या ब्लेडने अर्धी करत. अर्ध्या गोळीने निदान अर्धं बीपी तरी उतरत असेल, असा त्यांचा हिशेब. मात्र एक तारीख आली की इस्त्रीचं पातळ नेसून त्या बँकेत जात, एसीखाली अर्धा तास बसत आणि येताना दोन आलुबोंडे आणत. त्यातला एक शेजारच्या कौसल्येला.

"जितूनं पाठवले वं."

चार वर्षांत एकही एक तारीख चुकली नव्हती.

अंगणवाडीच्या शोभाताई 'श्रावणबाळ'चा फॉर्म घेऊन दोनदा येऊन गेल्या होत्या. पासष्टीपुढच्या गरीब म्हाताऱ्यांना सरकार दरमहा पैसे देतं, ती योजना. पण घोडं नावापाशीच अडलं.

"माहा पोरगा जिता आहे. श्रावणबाळ सरकारातून काहून आणू?"

"अवो आजी, नुसतं नाव आहे थे."

"नावच तं उरलं माह्याजवळ."

मग एका सकाळी त्या नळावर चक्कर येऊन पडल्या. पूर्ण गोळी घ्या, नाहीतर पुढच्या वेळी उठणार नाही, असं डॉक्टरने बजावलं. तेव्हा कुठे वच्छलाबाईंनी फॉर्म भरला, तोही दोन वस्त्या पलीकडच्या सुविधा केंद्रात, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.

चौकशीला माणूस घरी येईल, हे शोभाताईंनी सांगितलं होतं. कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. तो नेमका एक तारखेला आला.

वच्छलाबाई बँकेतून परतल्या तेव्हा तहसीलचे गिरिधर कागद मांडून ओट्यावर बसले होते आणि कौसल्या कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी होती.

"गरीब? वच्छला? कोण म्हनते गा? पोरगा दर महिन्याले पैसे पाठवते तिचा. आता बी थेच काढाले गेली. थे पाहा, आली आलुबोंडे घेऊन!"

गिरिधरांनी पुडीकडे पाहिलं. पुरावा गरम होता.

"आजी, खरं सांगा. मुलगा पैसे पाठवतो?"

वच्छलाबाईंना आधी गोळी आठवली, मग समोरची कौसल्या दिसली.

"नाही पाठवत," त्या पुटपुटल्या.

"मग पंचनाम्यावर या बाईंची सही लागेल, शेजारीण म्हणून."

"मी खोट्यावर सही नाही करत!" कौसल्या उसळली. "अठ्ठेचाळीस आलुबोंडे खाल्ले मी त्या पोराचे!"

वच्छलाबाईंनी मुकाट्याने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"जितू, थे पैशाचं..."

"आई, मीटिंगमध्ये आहे. उद्या पाठवतो, नक्की." फोन बंद.

"पाहा!" कौसल्येने टाळी वाजवली. "म्हनलं ना मी!"

"हा उद्या कधीपासूनचा, आजी?" गिरिधरांनी विचारलं.

"चार वर्सं झाले."

कौसल्येचे हात तसेच राहिले. तिने पुडीकडे बोट केलं. "मंग हे?"

"गोळ्यांतले. अर्ध्या अर्ध्या वाचवून."

कौसल्येने पेन उचलला.

"करते सही. पन खाली लिहा साहेब, पोरगा चांगला आहे, नुसता पाठवत नाही."

"त्याला रकाना नाही."

"मंग कायले छापता गा एवढे कागद?" म्हणत तिने सही ठोकली.

तीन महिन्यांनी अर्ज मंजूर झाला. एक तारखेला गोळ्यांचं अख्खं पाकीट आणि दोन आलुबोंडे घेऊन वच्छलाबाई गल्लीत शिरल्या. काय सांगावं, याची जुळवाजुळव त्या वाटभर करत होत्या. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच कौसल्या ओट्यावरून, टोकाच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी, ओरडली,

"आले वं, वच्छलाच्या श्रावणबाळाचे पैसे आले!"

कौसल्या खोटं कधी बोलत नसे.