गोड खाल्लेली कुऱ्हाड

"ही आता भिंतीवर लावायची चीज आहे, आबा," गिरीशनं जाहीर करून टाकलं. "माझ्या हिमायतनगरच्या हॉलमध्ये टांगतो, वरून पिवळा लाइट सोडतो. लोकं देखत राहतील!"

उद्या खंडेनवमी. विद्यानगरच्या घरात हत्यारांच्या पूजेसाठी आबासाहेबांनी लाल फडक्यातून घराण्याची कुऱ्हाड नुकतीच बाहेर काढली होती, आणि तेवढ्यात नातवानं हा बॉम्ब टाकला. नात हर्षदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"पणजी सावित्रीबाई या कुऱ्हाडीनंच लाकडं फोडायची, दादा. तिला तू शोपीस करणार?"

"मग काय, तू लाकडं फोडणार? दातांची डॉक्टरीण!"

आबांचा दोघांवर सारखाच जीव. त्यांनी हात वर केला. "भांडू नका. गावी नवमीचा कोहळा हिच्या एका घावात दोन व्हायचा. इथं शहरात आल्यापासून आपण तो उंबऱ्यावर आपटून मोकळे होतो. उद्या हिनं एका घावात कोहळा चिरला, तर ती हत्यारच ठरली, या घरात राहील. नाही चिरला तर गिरीश, तू घेऊन जा. आणि धार जो लावील, घाव त्यानंच घालायचा."

"हौ, मंजूर!" गिरीश हसला. भिंतीत खिळा मारायची जागासुद्धा त्यानं ठरवून टाकली असणार.

हर्षदाचा चिक्कडपल्लीचा दातांचा दवाखाना अष्टमीला बंदच होता. ती कुऱ्हाड घेऊन गच्चीवर गेली आणि शेंदराचा थर खरवडताच तिनं कपाळावर हात मारला. आत गंजाची नुसती खपली! दरवर्षी या बिचारीला दूध, दही, मध, साखरेनं न्हाऊ घालायचं आणि न पुसता फडक्यात गुंडाळून ठेवायचं. पूजा करून करून घराण्यानं तिची पार वाट लावली होती. गोड खाऊन चूळ भरली नाही की काय होतं, हे हर्षदा पेशंटांना रोज सांगायची. तेच दुखणं तिच्या घरच्या देव्हाऱ्यात इतकी वर्षं दडलं होतं!

मग ती हटूनच बसली. रॉकेलचा बोळा, तारेचा ब्रश, आणि खाचाखोचांसाठी दातांवरचं कीटण काढायची तिची जुनी हत्यारं. खाली वर्तमानपत्रावर तांबडा भुगा साचत गेला. अन् अचानक गंजाखालून काळंभोर, निरोगी लोखंड डोकावलं. हर्षदा एकटीच ओरडली, "आहे, जिवंत आहे!"

दुपारी गिरीश ग्राइंडर घेऊन गच्चीवर आला. मनानं तो वाईट नव्हताच. "कायकू एवढी परेशानी? दोन मिनिटांत करून देतो."

"नक्को! तापली की पोलादाचं पाणी उतरतं. मग कोहळा काय, केळंही कापणार नाही."

तिनं धारेच्या कडेला काळ्या मार्करची रेघ ओढली आणि ती पुसली जाईपर्यंत कानस चालवली. एक बाजू, मग दुसरी. खांदे भरून आले, तळहाताला फोड आला, पण थांबावंसं वाटेना. दांडा डुगडुगत होता, त्यात तुटक्या लाटण्याची पाचर ठोकली. शेवटी निसण्याच्या दगडावर तेल टाकून पातं गोल गोल घासलं. उन्हं कलताना तिनं ते हलकेच मनगटावरून फिरवलं. लव साफ! हर्षदानं गच्चीवर चक्क गिरकी घेतली.

सकाळी अंगणात जाड फळीवर कोहळा बसला. मालतीकाकूंनी, म्हणजे गिरीशच्या आईनं, हळदकुंकवाचं ताट आणि पंचामृताची वाटी आणून ठेवली. गिरीश मोबाइल रोखून उभा राहिला. हर्षदानं दांड्यावरची पकड दोनदा बदलली. दांडा निसटला तर? घाव तिरका बसला तर? कुऱ्हाड आज संध्याकाळीच त्या पिवळ्या लाइटखाली जाईल. तिनं आबांकडे पाहिलं. त्यांच्या ओठांचा चंबू झाला होता, श्वाससुद्धा घेत नव्हते.

तिनं पाय रोवले, कुऱ्हाड डोक्यावर नेली आणि सगळा जीव खांद्यांत आणून खाली आणली.

खच्च!

कोहळा दोन बाजूंना आडवा झाला, पांढराशुभ्र, मधोमध. पातं फळीत रुतून बसलं होतं.

"अग्गो बाई!" काकू किंचाळल्या. हर्षदा हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. आबांनी टाळ्या वाजवल्या, धोतराचा सोगा सुटला तरी वाजवतच राहिले. गिरीशचा मोबाइल हातातच राहिला होता. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं तो साफ विसरला होता.

"हर्षी," तो लहान पोरासारखा पुढे आला, "एकदा मला मारू दे ना! आणखी एक कोहळा आणतो, आत्ता आणतो!"

"आधी पूजा," आबा म्हणाले. त्यांनी फळीतून कुऱ्हाड उपटली, मांडीवर घेतली, धारेवरचा गर धोतरानं पुसला. सवयीनं त्यांचा हात पंचामृताच्या वाटीकडे गेला. काल हर्षदानं पंचामृतानंच गंज चढतो असं सांगितलं, तेव्हा आबा लाल फडक्याची घडी घालत राहिले होते.

आबांनी वाटी उचलली, क्षणभर धरली, आणि नातवाच्या हातात दिली.

"गिऱ्या, हे तू पी. हिला तेल आण."