दुसरी गाडी

“आणि हे आमचं आदर्श घर,” नगरपालिकेचे साहेब म्हणाले. घर सफाई मुकादमाचं होतं.

शेजारच्या नगरपालिकेच्या अधिकारी बाई इथलं काम पाहून शिकायला आल्या होत्या. ओला आणि सुका कचरा वेगळा उचलण्यात या गावानं नाव कमावलं होतं, आणि ती घडी मुकादमानंच बसवली होती. तेव्हा गाड्या दोन होत्या. तीन वर्षांपूर्वी सुक्या कचऱ्याची गाडी बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून सगळं एकाच गाडीत जात होतं; वर झाकणं दोन, आत कप्पा एकच, म्हणून लोकांना कळत नव्हतं. कार्यालयात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, बाहेर मात्र कोणी ब्र काढत नव्हतं.

मुकादमानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. सकाळी कामावर जाताना दोन्ही बादल्या तोच कोपऱ्यावर नेऊन गाडीत रिकाम्या करी, त्यामुळे तिला कळायचा प्रश्नच नव्हता. संधिवातानं बोटं वाकडी झाली होती, तरी ती दुधाची एकेक पिशवी धुऊन दोरीवर वाळत घाली. राहू दे म्हटलं की अंगावर येई.

“यांचंच काम आहे ना हे? घरातच बोंब असली तर गावानं का ऐकावं?” तिनं आताही पाहुण्या बाईंना ऐकवलं.

बाई हसल्या, पण ओढूनताणून. “ताई, आमच्याकडे गाडी बिघडली म्हणून महिनाभर सगळं एकत्र नेलं. कुणाला बोललो नाही. लोकांनी ते पाहिलं. आता दोन गाड्या दारात उभ्या केल्या तरी कुणी विश्वास ठेवत नाही.” मग त्या मुकादमाकडे वळल्या. “तुमची गाडी बिघडली की काय करता, तेवढं सांगा. त्यासाठीच आलेय.”

साहेब खाकरले. ठरलेलं उत्तर मुकादमाच्या जिभेवर होतं, पाहुण्यांना ते त्यानं कितीदा तरी दिलं होतं. पण ही बाई त्याच्या भरवशावर सगळं नव्यानं मांडणार आणि पुन्हा तोंडघशी पडणार. त्यानं बायकोकडे पाहायचं टाळलं.

“आम्हीही एकत्रच नेतो. तीन वर्षं झाली. पहिल्याच दिवशी लोकांना सांगून टाकायला हवं होतं. तुम्ही तेवढी चूक करू नका.”

बाईंनी त्याचे मनापासून आभार मानले. साहेबांनी मात्र “उद्या केबिनमध्ये या,” एवढंच म्हटलं. पाहुणे गेले. बायकोनं कप विसळले, ओटा पुसला, जेवणं वाढली.

“मला का नाही सांगितलंत?” शेवटी तिनं विचारलं.

“तुझा जीव तुटला असता गं.”

तिनं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

“आणखी काय काय सांगायचं राहिलंय?”

“काही नाही. तुझी शपथ.”

खरोखरच काही नव्हतं. सगळ्या संसारात त्यानं तिच्यापासून लपवलेली ही एवढी एकच गोष्ट.

“असेल,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.