जमुनेची वेणी

"मावशी, आज मले एक वेणी द्या," जमुना दारातून म्हणाली आणि मनकर्णेच्या डोक्यावरची फुलांची टोपली पडता पडता राहिली.

बेचाळीसच्या ऑगस्टात जमुनेचा नवरा चंद्रभान मास्तर भूमिगत झाला. टेलिफोनच्या तारा तोडल्याचं वॉरंट होतं त्याच्यावर. तेव्हापासून जमुनेनं फूल माळलं नव्हतं. धनी दूर असला की माळायचं नाही, अशी त्यांच्यातली रीत. जठारपेठेत दारोदार फुलं देणाऱ्या मनकर्णेला आणखी काय सांगायचं? मास्तर घरी आला होता, झालं! तिनं एक शब्द विचारला नाही. शेवंतीची सगळ्यात भरगच्च वेणी काढून दिली.

विचारायचे दिवसच नव्हते. कोपऱ्यावरच्या पानठेल्याशी साध्या कपड्यांतला तो मेला शिपाई पाऊस नसतानाही छत्री घेऊन उभा असायचा. कुणाकडे पाहुणा आला, कुणाची चूल अवेळी पेटली, सगळं त्याला हवं. पेठेतली माणसं राम रामसुद्धा इकडेतिकडे पाहून घालत.

पण आनंद पोटात राहतो का हो? बाजारात नत्थुजी माळ्याकडून शेवंती घेताना मनकर्णा बोलून गेली, "भाऊ, आज जमुनेनं वेणी घेतली!"

एवढंच. मास्तरचं नावसुद्धा नाही. आणि सांगितलं तरी कुणाला? ती विधवा झाल्यावर तिला हा धंदा शिकवणाऱ्या, दर भाऊबिजेला तिच्याकडून ओवाळून घेणाऱ्या नत्थुजीला.

"बरं झालं बाप्पा," तो म्हणाला आणि मान खाली घालून फुलं निवडत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेठेत शिरली, तर कमरेला दोर बांधून पोलीस मास्तरला नेत होते. अनवाणी. तोंड रक्तानं भरलेलं. गल्लीतली एक खिडकी उघडली नाही. जमुना दारात उभी होती, केसांत कालचीच वेणी.

वेणीचं मनकर्णेनं एकट्या नत्थुजीलाच सांगितलं होतं. ती तशीच बाजाराकडे पळाली.

नत्थुजीच्या शेजारी त्याचा थोरला लेक जानराव बसला होता. मोर्चात धरलेला, कालपर्यंत हवालातीत असलेला. डोळा सुजलेला, बोटांना चिंध्या बांधलेल्या, पण सुटून आलेला.

"भाऊ... तुमी?"

"मारून टाकत होते वं मायं पोट्टं," नत्थुजी तिच्याकडे न पाहता म्हणाला. "काई तरी सांग, मंग सोडतो म्हने. मायाजवळ सांगाले काय होतं? तुयं तेवढंच होतं."

तिला शिव्या द्यायच्या होत्या. जानरावाच्या बोटांकडे पाहिलं आणि ती माघारी वळली. असं काही आपल्या माणसांत होऊ शकतं, हेच तिला खरं वाटत नव्हतं.

ती परत जमुनेच्या दारात आली आणि उंबऱ्यावरच बसली. "माया जिभेले आग लागो, पोरी! मीच बोलली वेणीचं."

जमुनेनं सगळं ऐकून घेतलं. मग केसांतली वेणी उपसून काढली. आता ही तोंडावर फेकणार, असं मनकर्णेला वाटलं.

"ताजी द्या," जमुना म्हणाली.

"अवं, मास्तर तुरुंगात अन् तू फुलं माळतं? लोक तोंडात शेण घालतीन."

"घालू द्या. आता रोज माळीन. ते घरी असो, नसो. माया डोक्याकडं पाहून कोनाले काई समजलं नाई पायजे."

मनकर्णेनं तिच्या केसांत वेणी माळली. जमुनेनं घागर घेतली, डोक्यावरचा पदर खांद्यावर ओढला आणि छत्रीवाल्याच्या समोरून विहिरीवर गेली.