खरं सांगून विकायची गाडी

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, असं अख्खं वर्तकनगर म्हणतं. म्हणू दे. संसार मी केलाय त्यांच्याशी, वर्तकनगरने नाही.

झालं ते सांगते, आणि सांगताना आवाज चढला तर चढू दे. महिना होऊन गेला. तळपायाची आग मस्तकात गेलेली आहे ती अजून खाली आलेली नाही.

आमच्या ह्यांची एक गाडी होती. तांबडी, विलायती, दोनच सीटची, वरचं टप उघडणारी, साठ-सत्तर सालातली. हे वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होते तेव्हा कुणाच्या तरी आवारात ती सडत पडलेली, आत कोंबड्या बसायच्या. तिथून उचलून आणली आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक सुट्टी तिच्याखाली झोपून काढली. ऐश्वर्या झाली तेव्हा हा माणूस हाताला ग्रीस तसंच ठेवून दवाखान्यात आलेला. आमच्या कॉलनीत गाडीला जागा नाही, म्हणून माजिवड्याला मित्राचा एक बंद गाळा आहे, तिथे ती असायची. रविवारी फडकं घेऊन जायचं, पुसायचं, घोडबंदर रोडने एक फेरी मारायची आणि जेवायला घरी यायचं. मी कधी अडवलं नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, ही एक तांबडी सवत आहे तर असू दे म्हटलं.

मग डोळ्यांचं निघालं. पहिल्यांदा एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले आणि म्हणाले, थेंब दिलेत. पुढच्या खेपेला मी मागे लागून गेले, तर डॉक्टरीणबाईंनी माझ्यादेखत विचारलं, गाडी चालवणं बंद केलंत ना? मी ह्यांच्याकडे बघतेय, हे भिंतीवरच्या अक्षरांकडे बघतायत. काचबिंदू. डाव्या कडेचं दिसणं जवळजवळ गेलंय. समोरचं शाबूत आहे, त्यामुळे माणसाला वाटत राहतं की आपल्याला सगळं दिसतंय. आणि आपल्याकडे बाइकवाले कुठल्या बाजूने घुसतात ते मी सांगायला नको.

त्या दिवशी रिक्षात बसल्याबसल्या मी सांगून टाकलं की गाडी विकायची. आणि तोपर्यंत सान्वी त्या गाडीत बसणार नाही. सान्वी आमची नात, नऊ वर्षांची. ऐश्वर्या डोंबिवलीला राहते, शनिवार-रविवारी तिची ड्युटी असते, म्हणून पोरगी आमच्याकडे येते. गाडीत बसायला दोनच जागा, एक ह्यांची आणि डावीकडची तिची. डावीकडची, लक्षात घ्या. मला झोप येईना.

हे हो म्हणाले. दोन्हीला हो म्हणाले. फक्त एक अट घातली. म्हणाले, "मी फसवून विकणार नाही. गाडीत जे काही बिघडलंय ते सगळं आधी सांगेन, मग ज्याला घ्यायची तो घेईल." मी म्हटलं, सांगा बापडे. मला वाटलं, चांगलंच आहे की. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेलेली कोण जाणे.

पहिला आला डोंबिवलीचा एक जिमवाला. गाडी बघून वेडाच झाला, बोटं फिरवतोय, फोटो काढतोय. हे त्याला आत बसूच देईनात. आधी खाली वाका म्हणाले. पायाखालची चटई उचलून गंजलेला पत्रा दाखवला. दुसरा गिअर अडकतो ते सांगितलं, टप गळतं ते सांगितलं, इंजिनाखाली पुठ्ठा ठेवलेला तो काढून ऑइलचे डाग दाखवले. स्पीडचा काटा जागचा हलत नाही, सुटे भाग इथे मिळत नाहीत, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. मग वर एकच कौतुक, की चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, मात्र अस्सल आहे, कुठे एक ओरखडा दाखवा. तोपर्यंत जिमवाल्याचा चेहरा उतरलेला. विचार करून कळवतो म्हणाला आणि गेला तो गेलाच.

दुसऱ्याला मुलीच्या लग्नात गाडी मिरवायची होती. तिसरा घोडबंदरच्या टॉवरमधला, त्याला नुसती रील काढायची हौस. सगळ्यांना तोच पाठ. आणि जाताना प्रत्येक जण मला वर सांगून जाणार, काकू, असा माणूस आजकाल मिळत नाही हो. कॉलनीत पण पसरलं. शेजारच्या संचिताताई तर म्हणाल्या, तुमच्याकडे साक्षात हरिश्चंद्र आहे. मी म्हटलं, न्या तुमच्याकडे, दोन दिवस ठेवून बघा.

चौथा माणूस गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला घालवून हे गाळ्याचं शटर ओढत होते आणि शीळ घालत होते. ज्याची गाडी विकली जात नाही तो माणूस शीळ घालतो का? ह्यांना खरं सांगायचं नव्हतं, ह्यांना गाडी ठेवायची होती. खरं बोलून, नाकाने कांदे सोलून, वर गावाकडून शाबासकी घेऊन ठेवायची होती. मी तिथेच भर रस्त्यात भांडले. हे शांतपणे म्हणाले, मृणाल, मी एक शब्द तरी खोटा बोललोय का? आणि बोललेले नव्हते, हीच तर चीड. खोट्या माणसाला निदान पकडता तरी येतं.

मग कल्याणचा विनीत आला. तिशीचा असेल. रविवार होता, सान्वी पण आमच्याबरोबर गाळ्यावर आलेली. ह्यांनी चटई उचलली तर तो गुडघ्यावर बसला आणि पत्र्यात बोट घालून खूश झाला. म्हणाला, काका, एवढंच गेलंय? मला वाटलेलं अख्खा तळ गेला असेल. गिअर अडकतो, तर म्हणे खोलू. भाग मिळत नाहीत, तर म्हणे बनवून घेऊ. मला चालवायची घाईच नाहीये, म्हणाला, दोन वर्षं लागली तरी चालतील, मला हे कामच करायचंय. ह्यांचा एकेक दोष तो असा उचलत होता की मला त्याची दृष्ट काढावीशी वाटली. आणि ह्यांचा आवाज बारीक व्हायला लागला. सगळं सांगून झालं. काही उरलं नाही. पोरगा खिशातून रुमाल काढून हात पुसत म्हणाला, मग ठरवूया ना काका?

ह्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "एक राहिलं. चेसिसला तडा आहे."

माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने कधी रिक्षावाल्याला सुद्धा खोटा पत्ता सांगितला नव्हता. विनीत आडवा होऊन टॉर्च मारायला लागला, कुठे काका, दिसत नाहीये. हे म्हणतात, आतून आहे, वरून दिसणार नाही, पण कधीही दोन तुकडे होतील.

"खोटं आहे," मी म्हटलं. "चेसिसला काही झालेलं नाही. चार माणसांपुढे छाती फुगवून सांगितलंय ह्यांनी. ह्यांना गाडी द्यायची नाहीये, बाळा. ह्यांना डाव्या बाजूचं दिसत नाही, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीय, आणि हे सहा महिने मला आणि तुम्हा सगळ्यांना खेळवतायत."

विनीत टॉर्च हातात घेऊन तसाच उठून बसला. बिचाऱ्याला कुठे बघावं कळेना. ह्यांचा चेहरा काळवंडला. म्हणाले, चारचौघांत काय बोलतेस, मला दिसतं, व्यवस्थित दिसतं.

तेवढ्यात सान्वी पुढे आली. आजोबांना कोणी ओरडलेलं तिला चालत नाही. ती माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "आज्जी, आजोबांना नाही दिसत तर काय झालं? डावीकडचं मी सांगते ना त्यांना. बाइक आली की बाइक म्हणते, रिक्षा आली की रिक्षा. मागच्या रविवारी पण सांगितलं."

मागच्या रविवारी हे तिला पोहायला घेऊन गेलेले. रिक्षाने. त्याच्या आधीच्या रविवारी पण पोहायलाच. पोरीचे केस कोरडे का, असं मी एकदा विचारलेलं, तर म्हणाले ड्रायर आहे तिथे.

मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो. मी एवढंच म्हटलं, अहो, ती नऊ वर्षांची आहे. तर हा माणूस मला काय सांगतो माहितीय? जवळजवळ कौतुकाने सांगतो. म्हणाला, "फार लक्ष असतं तिचं. एकदाही चुकली नाही."

"आणि चुकली असती तर?" मी म्हटलं. "ती वाचली असती आणि दुसरं कोणी मेलं असतं तर? मी सांगितलं नाही म्हणून माणूस मेला, हे हिने जन्मभर उरावर घेऊन फिरायचं होतं? तुमच्या हौसेपायी?"

त्यांचा बॉनेटवरचा हात खाली आला. सान्वी रडायला लागली. तिला वाटलं तिने आजोबांचं गुपित फोडलं म्हणून हे सगळं झालं. मी सांगायला नको होतं ना, असं ती मला विचारत होती, आणि मी तिला पोटाशी धरून त्यांच्याकडे बघत होते. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आलेला नाही. ह्या माणसाच्या हाताला ग्रीस असताना मी त्याच्या मांडीवर लेक ठेवली होती, आणि त्याने तिच्या लेकीला आपला डोळा करून रस्त्यावर काढलं.

बऱ्याच वेळाने ते विनीतला म्हणाले, "चेसिस चांगली आहे. मी खोटं बोललो." आणि किल्ली त्याच्या हातात दिली. विनीत पैशाचं काही विचारायला गेला, तर हाताने नको म्हणाले, नंतर बघू. टेम्पो बोलवायला तो बाहेर गेला.

मी माझा फोन त्यांच्यापुढे धरला. ऐश्वर्याला सांगा म्हटलं. मी नाही सांगणार, तुम्ही सांगायचं. मला वाटलं कारणं देतील, डॉक्टरांवर ढकलतील, माझ्यावर ढकलतील. नाही. स्पीकर लावून, गाळ्यातल्या स्टुलावर बसून त्यांनी सांगितलं. डोळ्याला काय झालंय ते सांगितलं. कधी कळलं ते सांगितलं. बंदी असताना गाडी काढली, पोहण्याचं नाव सांगितलं, सान्वीला कुठे बसवलं आणि तिच्याकडून काय काम करून घेतलं, सगळं एकापाठोपाठ, आवाज न हलवता. काही झाकलं नाही.  

मग ऐश्वर्या म्हणाली, "बाबा, हायवेवर पण?"

हे म्हणाले, "हो."

तिने सान्वीला फोन द्यायला सांगितलं, आणि सान्वीला म्हणाली, तिथेच थांब, आज्जीचा हात सोडू नकोस, मी न्यायला येतेय. आजोबांना फोन परत दे, असं काही ती म्हणाली नाही.

त्यानंतर एकाही शनिवारी पोरगी आमच्याकडे आलेली नाही. हे दर शनिवारी सकाळी दाढी करून खुर्चीत बसतात, आणि दाराशी कोणी आलं तर मान पूर्ण वळवून बघतात. मी चहा देते. बोलत नाही.