नसलेल्या नवऱ्याची झडती

ठकीच्या आईला नवरा नव्हता, पण त्याचे बूट होते. चांगले मोठ्या मापाचे, जुन्या बाजारातून आणलेले. ते दाराबाहेर ऐटीत बसलेले असत आणि मधूनमधून ती त्यांना चिखल फासायची, कारण कधीच बाहेर न पडणारा नवरा कुणाला पटणार? मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करता करता ती मध्येच आवाज चढवून म्हणायची, "अहो, ऐकलंत का? ओला टॉवेल पलंगावर टाकू नका!" पलंगावर बसलेली सहा वर्षांची ठकी मग जाड आवाजात खोकायची. खोकायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं.

हसण्यासारखंच होतं सगळं, पण हसायची सोय नव्हती. खरा नवरा पत्ता न ठेवता कधीच निघून गेला होता. मायलेकी या खोलीत राहायला आल्या, त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचा सुतार भर दुपारी दारात येऊन उभा राहिला. "एकट्याच का?" त्याने विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत चौकटीवरचा हात काढला नाही. "छे! हे येतीलच इतक्यात," ती म्हणाली. तेव्हापासून तो तिला वहिनी म्हणू लागला आणि जिन्यात अंग चोरून वाट देऊ लागला. एका खोट्याने एवढं मिळत असेल तर बाईमाणसाने खरं कशाला बोलावं?

घोडं अडत होतं ते दुसरीकडे. नुसत्या शिवणावर दोघींचं पोट भरत नव्हतं. भाडं आणि ठकीची शाळा चालायची ती सरकारच्या एकल पालक भत्त्यावर. त्याची अट सरळ होती. घरात नवरा किंवा दुसरा कुणी पुरुष राहत असेल तर भत्ता बंद, आणि आजवर घेतलेला परत करा.

तपासणीच्या बाई आल्या त्या न कळवता. ठकीची आई कोपऱ्यावर दोरा आणायला गेली होती. परत येते तो जिन्याच्या वरच्या टोकाला, गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र अडकवलेल्या एक बाई बुटांकडे निरखून बघत उभ्या. आणि बंद दाराआडून ठकीचा खणखणीत आवाज, "बाबा आंघोळ करतायत!" पढवलेलं पोरीने चोख म्हटलं होतं, वर दोनदा खोकलीसुद्धा.

ठकीची आई उरलेल्या पायऱ्या धावतच चढली.

"बाई, तसं काही नाहीये हो," किल्लीने दार उघडत ती म्हणाली. "आत कुणी नाहीये. तुम्हीच बघा ना."

बाईंनी बघितलं. न्हाणीघर कोरडं होतं. पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटात कुणी नव्हतं. खुर्चीवर मात्र पुरुषांच्या पँटींचा ढीग होता.

"या कुणाच्या?"

"गिऱ्हाइकांच्या."

"सगळ्या?"

"कंबर बघा ना बाई. एक अठ्ठावीस, एक बेचाळीस. एवढे नवरे आणू कुठून मी?"

बाईंना हसू येता येता राहिलं, पण पेन थांबलं नाही. "आणि बाहेरचे बूट?"

ठकीची आई अगदी हळू बोलली. "लोकांना वाटावं म्हणून ठेवलेत. घरात पुरुषमाणूस आहे असं."

"लोकांना म्हणजे कुणाला?"

तिने जिन्याकडे पाहिलं. खाली चाललेला सुताराच्या रंध्याचा आवाज मघाशीच थांबला होता आणि दार सताड उघडं होतं.

बाई वाईट नव्हत्या, घाईत होत्या. "असं सगळ्याच सांगतात हो. मला शेजाऱ्याचा जबाब लागतो, सहीनिशी. नियमच आहे." त्या कठड्यावरून वाकल्या. "अहो, जरा वर येता का?"

"त्यांना नको!"

"का बरं?"

काय सांगणार? त्याने आजवर बोटसुद्धा लावलं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात सुतार भुसा झटकत वर आला.

"यांचे यजमान इथेच राहतात का?" बाईंनी विचारलं.

"राहतात ना. रोज वहिनींची बोलणी खातात बिचारे. कधी दिसले नाहीत, पण खोकला ऐकू येतो. औषध घ्यायला सांगा."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग माझा नाइलाज आहे."

भत्ता बंद म्हणजे महिनाभरात रस्ता, हा हिशेब तिला पाठ होता. ठकीने तिचा पदर घट्ट धरला.

"नवरा नाहीये," ती म्हणाली.

"यांच्यासमोर नीट सांगा."

"मला नवरा नाही. इथे कुणी पुरुष राहत नाही, कधी राहिलाच नाही. मी एकटीच बोलत असते. खोकते ती ही. आम्ही दोघीच असतो." ती रडू लागली. बाईंना वाटलं लाजेने रडतेय. लाज कसली, तिला भीती वाटत होती.

सुताराने एक बूट उचलला, उलटा केला. "खरंच की! चिखल नुसता वरून फासलाय. तळ कोरडा आहे बघा. हे बूट कुणी घालतच नाही." त्याने बूट होता तसा नीट ठेवला, बाईंनी लिहिलेला जबाब ओठ हलवत वाचला, 'सदर महिला एकटी राहते' या ओळीवर जरा रेंगाळला आणि खाली सही ठोकली.

"झालं! भत्ता चालू राहील," बाई खुशीने म्हणाल्या. खांद्यावर थोपटून त्यांनी तिला धीर दिला. "आता निर्धास्त राहा. वर्षभर इकडे कुणी फिरकणार नाही."

त्या खटाखट जिना उतरून गेल्या. सुतार उतरला नाही.

"एवढं नाटक कशाला?" तो म्हणाला. "मला सांगायचंस ना."

तिने ठकीला आत ओढलं, दार लावलं, कडी घातली आणि पाठ टेकून उभी राहिली. बाहेर पाऊल वाजलं नाही. मग तिच्या पाठीमागे, लाकडावर, त्याने बोटाने हलकेच ठोकून पाहिलं. वर एकदा, मध्ये एकदा, कडीपाशी एकदा.

"दार पोकळ आहे गं," तो बाहेरून म्हणाला. "उद्या सवडीने येऊन बघतो."