बांगडीच्या मापाचे घड्याळ

मित्रांनो, राग किती वर्षे टिकतो हे माणसांना विचारू नका. माणसे विसरतात, नाहीतर विसरल्यासारखे दाखवतात. ते मला विचारा. मी जबलपूरच्या सरोजिनीबाईंचे जुने मनगटी घड्याळ आहे. माझे अंग पोलादाचे, काच जाड आणि तबकडी काळी आहे. पाण्यात बुडवले तरी मी थांबत नाही, आणि कोणी माझे वाईट केले तर ते विसरत नाही. माझी गोष्ट ऐकलीत तर घड्याळ कसे निवडावे ते तुम्हाला कळेल. दुसऱ्याचे घड्याळ का घेऊ नये, तेही कळेल.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराळ गावी झाला. खेळाडूंसाठी, पोहणाऱ्यांसाठी आणि डोंगर चढणाऱ्यांसाठी आम्हाला बनवले होते. किंमत मात्र श्रीमंतांना परवडेल अशी होती. दुकानाच्या काचेत माझ्या शेजारी माझा थोरला भाऊ बसलेला असे. आमचा चेहरामोहरा एकच, फक्त माप वेगळे. तो चाळीस मिलिमीटरचा, मी छत्तीसची. गिऱ्हाईक आले की आधी त्यालाच उचलायचे. बारीक मनगटावर त्याचे कोपरे दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत, तरी लोक आरशात पाहून खूश होत. मोठे ते चांगले, असे माणसांना का वाटते कोण जाणे. मी आपली वाट पाहत बसे.

एके दिवशी दुकानात श्रीकांतराव आले. जबलपूरच्या एका कारखान्यात ते इंजिनियर होते आणि कामासाठी परदेशी आले होते. राज्ये नव्याने आखली गेली त्याला तेव्हा काही वर्षे झाली होती. नागपूर महाराष्ट्रात गेले होते आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले होते. त्यामुळे श्रीकांतरावांची निम्मी सोयरीक रेघेच्या त्या बाजूला आणि घरदार या बाजूला, अशी स्थिती होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात एक हिरवी काचेची बांगडी होती, सव्वादोनच्या मापाची. ती काउंटरवर ठेवून ते म्हणाले, घड्याळ या मापाच्या हातासाठी हवे.

त्या दुकानदाराने जन्मात असे माप पाहिले नव्हते. त्याने बांगडीच्या गोलात आधी माझ्या भावाला ठेवले. तो काठांना जवळजवळ टेकला आणि बांगडीत अडकल्यासारखा दिसू लागला. मग मला ठेवले. मी मधोमध बसले, आजूबाजूला मोकळी जागा ठेवून. श्रीकांतराव हसले आणि म्हणाले, हेच. पट्ट्याचा घेरही त्यांनी बांगडीबरहुकूम करून घेतला.

मित्रांनो, ही चूक फक्त आपल्याकडचा नवराच करू शकतो. बांगडी मनगटाच्या मापाची नसतेच. ती मुठीवरून चढवायची असते, म्हणून मनगटापेक्षा सैल असते. जबलपूरला आल्यावर सरोजिनीबाईंनी मला हातात घातले आणि हात वर केला, तशी मी सरसर घसरत कोपरापर्यंत गेले. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आले.

"अहो, बांगडी भरायची असते, घड्याळ बांधायचं असतं," त्या म्हणाल्या.

मग घड्याळजीकडून माझ्या पट्ट्याच्या तीन कड्या कमी करून आणल्या. आता मी अशी बसले की पट्ट्याखालून करंगळी जेमतेम जाई. त्या तीन कड्या सरोजिनीबाईंनी कुंकवाच्या करंड्यात, खालच्या कप्प्यात ठेवून दिल्या. ती हिरवी बांगडीही तिथेच ठेवली.

त्या मुलींच्या एका शाळेत खेळ शिकवायच्या. रविवारी ग्वारीघाटावर मुलींना पोहायलाही शिकवायच्या. नर्मदेच्या पाण्यात त्या हातातल्या घड्याळासकट उतरल्या, तेव्हा काठावरच्या बायका ओरडायच्याच बाकी होत्या. माझ्या काचेभोवती एक फिरते चक्र आहे. मुलगी पाण्यात झेपावली की बाई ते काट्याशी जुळवून ठेवायच्या आणि ती परत आली की वेळ सांगायच्या. ज्या मुलीला घरी कोणी नाव घेऊन हाक मारत नसे, तिची वेळ मी राखली आहे. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस. अजूनही डोळे मिटले, म्हणजे काटे जरा स्थिर झाल्यासारखे वाटले, की मला ते हिरवट पाणी दिसते.

आता ज्याच्यासाठी ही गोष्ट सांगते आहे त्याच्याकडे येते. श्रीकांतरावांचा धाकटा भाऊ अच्युत. जबलपुरातच, अधारतालच्या मोठ्या रस्त्यावर त्याचे कापडाचे दुकान होते. गादीवर लोडाला टेकून बसायचे आणि नोकरांना हुकूम सोडायचे, एवढाच त्याचा व्यवसाय. मला पहिल्यांदा पाहिले तेव्हाच त्याच्या नजरेत हाव आली.

"वहिनी, ही तर मर्दानी घडी आहे," तो म्हणाला. "दादानं चुकून तुम्हाला दिली काय?"

खरे सांगायचे तर त्या काळी तसे सगळ्यांनाच वाटे. तेव्हा बायकांची घड्याळे चिंचोक्याएवढी असत, आणि माझ्याएवढी तबकडी पुरुषांच्याच हातात दिसे. लग्नाकार्यात लोक श्रीकांतरावांना म्हणत, काय घडी आणली राव! तेही नुसते हसत आणि म्हणत, आणली खरी. कोणासाठी आणली, ते कधी चारचौघांत बोलले नाहीत. ते भले गृहस्थ होते, पण माझा त्यांच्यावरही थोडा राग आहे. एक वाक्य वेळेवर बोलले असते तर पुढचे टळले असते.

कारण ते अचानक गेले. ऐन उमेदीत, मूलबाळ नसताना गेले.

तेराव्याला पगडीचा विधी झाला. आपल्या घरांत खरे तर ही रीत नाही. पण जबलपूरला पिढ्यानपिढ्या राहून, शेजाऱ्यांचे पाहून ती इकडच्या मराठी घरांतही आली. गेलेल्याची जबाबदारी जो घेणार त्याच्या डोक्याला सगळ्यांसमोर पगडी बांधतात. श्रीकांतरावांना मुलगा नव्हता, तेव्हा पगडी अच्युतला बांधली. पगडी बांधून झाल्यावर त्याने मंडळींकडे पाहिले आणि अगदी हळवा आवाज काढून म्हणाला,

"दादाची घडीही माझ्याच हातात असावी. वहिनींच्या हातात आता मर्दानी घडी काय शोभते?"

सरोजिनीबाईंच्या हातात बांगड्या उरल्या नव्हत्या. मी एकटीच होते. राधाबाई नावाच्या म्हाताऱ्या आत्या मागून म्हणाल्या, राहू दे ना तिच्याजवळ. पण त्यांचे कोणी ऐकले नाही. नवऱ्याच्या तेराव्याला घड्याळासाठी भांडली, असे नाव बाईंना नको होते. त्यांनी स्वतःच माझा खटका उघडला. मनगटावर माझी जागा पांढरी पडलेली होती. अच्युतने मला आपल्या हातावर ओढून बसवायचा प्रयत्न केला, पण खटका लागेना. सगळे पाहत होते.

"वहिनी, कमी केलेल्या कड्या असतील ना?" तो म्हणाला.

"शोधते, भाऊजी," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी शपथ घेतली. माझ्याजवळ हात नाहीत, तोंड नाही. पण काटे आहेत आणि कड्या आहेत.

अच्युतने पुढे कितीदा तरी कड्या मागितल्या. दरवेळी सरोजिनीबाई तेच सांगत. शोधते. शेवटी तो गोहलपुरातल्या एका कारागिराकडे गेला आणि नव्या कड्या बसवून आणल्या. त्या माझ्या नव्हत्या. त्यांच्या कडा माझ्या कड्यांशी जुळत नव्हत्या, आणि मध्ये बारीक फट राहत होती. मित्रांनो, अच्युतच्या हातावर दाट केस होते. त्याने ऐटीत बाही मागे सारली की त्या फटीत एक-दोन केस धरून मी उपटत असे. गिऱ्हाइकांसमोर त्याचे तोंड वाकडे व्हायचे आणि मला गार वाटायचे.

पण ही तर नुसती सुरुवात होती. माझ्या पोटात एक अर्धगोल वजन आहे. हात हलला की ते फिरते आणि त्यावर माझी स्प्रिंग भरते. मला किल्ली द्यायची गरज नाही, पण माझ्या धन्याने हात हलवायला हवेत. पाण्यात हात मारणाऱ्या, मुलींमागे धावणाऱ्या बाईच्या हातावर मी एकदाही थांबले नव्हते. अच्युत लोडाला टेकून बसायचा. चहासुद्धा नोकर तोंडाजवळ आणून द्यायचा. मी थांबू लागले. घड्याळजी मला उघडत, चांगले हलवून पाहत आणि म्हणत, घडी में तो कोई खराबी नहीं है, भैया. खराबी कशात आहे ते कोणी अच्युतला तोंडावर सांगितले नाही.

त्याला बँकेत पोचायला उशीर होई आणि दारे बंद झालेली असत. एकदा नागपूरच्या लग्नाला निघाला, तर मी वाटेतच थांबले. गाडी त्याच्या डोळ्यांदेखत फलाटावरून हलली. अधारतालची पोरे त्याला बंद घडी म्हणू लागली. तो आला की एक जण मुद्दाम विचारायचा, काका, कितने बजे? त्याने मला रागाने काढले आणि कपाटाच्या खणात टाकले. अंधारात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी वर्षानुवर्षे पडून राहिले. वाईट वाटले नाही असे नाही. नर्मदेच्या पाण्याची फार आठवण यायची. पण मी मनात म्हणत असे, अजून झाले नाही.

दरम्यान बाहेर जग बदलले. पुरुषांच्या हातावरची घड्याळे वाढत वाढत बशीएवढी झाली. मला खणात हे काय कळणार? अच्युतलाही कळले नाही.

त्याची मुलगी विनता लग्नाची झाली. तिला पोहायला सरोजिनीबाईंनीच शिकवले होते. ती त्यांना मोठी आई म्हणायची. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी ती त्यांच्याकडे गेली, आणि त्यांचे जे बोलणे झाले ते मला मागाहून कळले.

"मोठी आई, बाबा तुझी घडी नवऱ्या मुलाला देऊन राहिले. तू काहून बोलत नाही?"

बाईंनी तिला लाडू दिला आणि एवढेच विचारले, "मुलाचं मनगट कसं आहे गं?"

"पहिलवानाचं," विनता म्हणाली, आणि हसू लागली.

साक्षगंधाला नागपूरची मंडळी आली. घरातले वडीलधारे माणूस म्हणून सरोजिनीबाई मंडपात पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या. केस पांढरे, पाठ ताठ. मखमलीच्या डबीत घालून, मला पुसून चकचकीत करून, अच्युतने मुलासमोर धरले. स्वित्झर्लंडचे घड्याळ, माझ्या दादाची आठवण, असे तो बरेच काही बोलला. मुलाने आपल्या हातातले बशीएवढे घड्याळ काढले आणि तो मला चढवायला गेला. मी अंग चोरले नाही, पण पसरलेही नाही. खटका लागेना. मुलाचे काका, रामराव, पुढे वाकून पाहू लागले.

"अच्युतजी," ते म्हणाले, "ही तर लेडीज घडी आहे. आमच्या पोराला बायकांची घडी देऊन राहिले काय?"

मंडपात खसखस पिकली. अच्युत लाल झाला. नाही साहेब, मर्दानीच आहे, तो म्हणाला. मीच किती वर्षं वापरली. पण त्याच्या आवाजात दम नव्हता. तेव्हा त्याने आधारासाठी इकडे तिकडे पाहिले, आणि ज्या बाईकडे पाहायला नको होते तिच्याकडेच वळला.

"वहिनी, तुम्हीच सांगा ना यांना. दादाची होती ना ही?"

मित्रांनो, एका शब्दात त्यांना त्याची अब्रू वाचवता आली असती. मुलाने मला पुन्हा डबीत ठेवले होते.

"हो तर. त्यांनीच आणली," सरोजिनीबाई म्हणाल्या. मग पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा शिकवणीच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या बांगडीच्या मापाची."

त्यांनी बटवा उघडला आणि ती हिरवी बांगडी काढून रामरावांच्या हातात दिली. रामरावांनी मला तिच्या गोलात ठेवून पाहिले. मी मधोमध बसले, पहिल्या दिवशी बसले होते तशी. आधी हसला तो नवरा मुलगा, मग विनता, मग सगळा मंडप. म्हणजे एवढी वर्षं वहिनींची घडी घालून फिरत होते काय, असे कोणीतरी मागून म्हणाले, आणि हशा पुन्हा उसळला. अच्युतचे तोंड मी नीट पाहून घेतले. त्यासाठीच तर काच असते.

रामरावांनी मला बाईंच्या हातात दिले. त्यांनी मला घातले. परक्या कड्या अजून पट्ट्यात होत्या आणि हात आता वाळला होता, म्हणून मी सरसर घसरत कोपरापर्यंत गेले. अगदी तशीच. बाईंनी मला दुसऱ्या हाताने धरले. मग बटव्यातून त्या तीन जुन्या कड्या काढल्या आणि अच्युतच्या तळहातावर ठेवल्या.

"भाऊजी, तुम्ही मागत होते ना? सापडल्या."

लग्न छान झाले. जावयासाठी अच्युतला नवे, बशीएवढे घड्याळ आणावे लागले. माझ्या पट्ट्यातल्या परक्या कड्या दुसऱ्याच दिवशी निघाल्या.

मित्रांनो, घड्याळ घ्यायला जाल तेव्हा माप आपल्या मनगटावर घ्या. मोठे दिसते म्हणून घेऊ नका, इतरांचे पाहून घेऊ नका, आणि बांगडीवरून तर मुळीच घेऊ नका. पट्ट्याखालून करंगळी जावी आणि कोपरे मनगटाबाहेर डोकावू नयेत. आज मर्दानी म्हणतील, उद्या लेडीज म्हणतील. मनगट तेच राहते. मनगटावर बसलेल्या घड्याळाला जपा, त्याच्या निघालेल्या कड्या सांभाळून ठेवा. आणि जिचे घड्याळ आहे तिच्या हातातून ते उतरवून घेऊ नका. क्षमा थोर असते असे तुमच्या पुस्तकात असेल. मला ती जमली नाही.

अच्युत दिवाळीला येतो. बाई त्याला चहा देतात. कप पुढे करताना उजव्या हाताला डाव्याचा आधार देतात, तेव्हा मी बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येते. तो दुसरीकडे पाहतो. मी चालू असते.