माझी बघून जा

नाटे गावच्या सोनूबाईनं आपल्या लेकीला, संस्कृतीला, रत्नागिरीच्या एका बंगल्यात धाडलं, तेव्हा पोर अकरा वर्षांची होती. नवरा समुद्रात बुडाल्यापासून मासळी विकून दोघींचं पोट भरत होतं. बंगल्याच्या वहिनी स्वतः गाडी घेऊन आल्या. "मुलीसारखी ठेवू, शाळेत घालू. वरकाम तेवढं करेल."

सोनूबाई एकदा भेटून आली, तर वहिनींनी बजावलं, "तुम्ही आलात की तिचं कामात लक्ष लागत नाही. फोन करत जा."

फोनवर संस्कृती दर वेळी तेच बोलायची. "मी बरी आहे. जेवले. ठेवते." हळूहळू त्या बोलण्यातला गावचा हेल गेला. मग 'आये' म्हणणंही गेलं. आपण परक्याच कुणाशी बोललो, असं सोनूबाईला वाटायचं. तिसऱ्या वर्षी न कळवता ती एसटीत बसली.

भरदुपारी बंगल्याचं दार एका वाळलेल्या मुलीनं उघडलं. नजर फरशीवर.

"वहिनी झोपल्यात. काय काम होतं?"

"संस्कृती, मी गो. आय तुझी."

मुलगी हलली नाही. आतून हाक आली, "मंदा, कोण आहे गं?" तशी ती चटकन वळली. "आले, वहिनी."

सोनूबाई मागोमाग आत शिरली. "हिला मंदा कशाला म्हणता?"

"आमच्याकडची पहिली मुलगी मंदा होती," वहिनी सहज म्हणाल्या. "मग जी येईल ती मंदाच. घराला सवय झालीय."

"आणि त्या पोरी कुठं गेल्या?"

"कोण लक्षात ठेवतं?"

जिन्याखाली एक गोधडी होती. मुलीच्या अंगावर आधीच्या कुणाचा तरी विटका फ्रॉक होता. दप्तर कुठंच दिसलं नाही. सोनूबाईनं तिचं मनगट धरलं.

"भांडी राहिलीत," मुलगी म्हणाली.

"राहू देत. चल."

पोलिसांत तक्रार देऊनच ती पोरीला घेऊन नाट्याला परतली. पण लेक परत आली असं तिला वाटेना. संस्कृती म्हणून हाक मारली की पोर मान वळवत नसे. उजाडायच्या आत उठून शेजाऱ्यांचीही अंगणं झाडी आणि सोनूबाईचं झाल्यावर दाराआड उभ्यानं जेवी.

तक्रार कागदावरच राहिली. तशात कळलं, वाडीतल्या ठमाबाईच्या लेकीला, तेजस्वीला, त्याच वहिनींनी बोलावलंय. सोनूबाई ठमाबाईच्या दारात गेली.

"माझी बघून जा. मग तुझी धाड."

ठमाबाई आली. संस्कृती भिंतीला लागून उभी होती. ठमाबाई वाट पाहत राहिली, पण पोर काही बसेना.

"बस की गो," अखेर ठमाबाई हळूच म्हणाली.

तेव्हा संस्कृती बसली. आणि पुढचं काम ऐकायला मान वर केली.

ठमाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "त्या वहिनीची गाडी आली तर मला बोलव, सोनू," ती म्हणाली. "दोघी मिळून परतवून लावू."